हेडर फाइल गेली कुठे? बंदरावरील एका प्रोग्रामचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरावर मच्छीमारांची सहकारी संस्था आहे. डिझेल, बर्फ आणि पावत्या हे तिचे रोजचे व्यवहार. त्याखेरीज संस्थेच्या कार्यालयात, जेटीकडे तोंड असलेल्या खिडकीत, एक मोठा स्क्रीन लावलेला आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, म्हणजे इन्कॉइसकडून, संभाव्य मासेमारी क्षेत्रांची सूचना येते. तिच्यात मासळी उतरवण्याच्या केंद्रापासूनची दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश दिलेले असतात. हे आकडे किनाऱ्याच्या नकाशावर बिंदूंच्या रूपात दाखवणे आणि जेटीपासूनचे अंतर व १२ सागरी मैलांची रेषा सोबत काढणे, एवढेच काम या स्क्रीनमागचा प्रोग्राम करतो. संध्याकाळी तांडेल (बोटींचे प्रमुख) खिडकीशी उभे राहून तो पाहतात आणि पहाटेची दिशा ठरवतात. बिंदू चुकला तर डिझेल आणि दिवस दोन्ही वाया जातात, म्हणून या प्रकरणात अचूकतेचा प्रश्न शेवटपर्यंत आमच्या मनावर होता.

हा प्रोग्राम २०१८च्या अखेरीस गावातल्याच एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याने सी प्लस प्लसमध्ये लिहिला होता. आता तो पुण्यात नोकरी करतो. प्रोग्राम उबुंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालत असे आणि दोन लायब्रऱ्यांवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचांवर, अवलंबून होता. किनारपट्टीची शेपफाइल (नकाशाची फाइल) वाचण्यासाठी जीडॅल आणि अक्षांश-रेखांशांचे मीटरमध्ये रूपांतर करण्यासाठी प्रोज. प्रोज ही फार जुनी लायब्ररी असून तिचा मूळ प्रोग्राम जेराल्ड एव्हेंडेन यांनी १९८०च्या दशकात लिहिला. आज नकाशांशी संबंधित बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर तिच्यावर उभे आहे. संस्थेच्या संगणकांची देखभाल माझ्याकडे असते आणि या कामात संगणकशास्त्र शिकणारा एक विद्यार्थी माझ्या मदतीला होता.

अडचण

जुलै २०२४मध्ये ऐन पावसात संगणक बंद पडला. खाऱ्या हवेने मदरबोर्ड गंजला होता, आणि त्याच आठवड्यात वारंवार लाईट जात असल्याने डिस्कही गेली. तयार प्रोग्रामची प्रत कुठेच नव्हती. मूळ लेखकाकडे सोर्स कोड होता आणि तो त्याने त्याच दिवशी पाठवला. नवा संगणक आला, त्यावर उबुंटू २२.०४ बसवले. संस्थेच्या पावती-प्रिंटरचा पुरवठादार त्याच आवृत्तीला पाठिंबा देत असल्याने ही निवड आमच्या हातात नव्हती. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते. बंदीच्या काळात सूचना येत नाहीत, त्यामुळे तोवर कोणाचे काही अडले नव्हते. पण सचिवांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले, “सर, १ तारखेला बोटी बाहेर पडणार. तोवर स्क्रीन चालू झाला पाहिजे.” आमच्या हातात तीन आठवड्यांहून थोडे कमी दिवस होते.

पहिल्यांदा कंपाइल करताच, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवू लागताच, जीडॅलची हेडर फाइल (लायब्ररीत कोणती फंक्शने आहेत हे सांगणारी फाइल) सापडत नाही असा एरर आला. विद्यार्थ्याने जीडॅल आणि प्रोज या दोन्हींची ‘डेव्ह’ पॅकेजे बसवली. उबुंटूमध्ये लायब्ररी चालवण्यासाठी लागणारे पॅकेज आणि तिच्यावर प्रोग्राम बांधण्यासाठी लागणारे पॅकेज वेगवेगळे असते. हेडर फाइली दुसऱ्यात असतात आणि त्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असते. नव्या माणसाची पहिली ठेच येथेच लागते, आणि बहुतेक वेळा काम एवढ्यावर भागते.

येथे ते भागले नाही. पॅकेज बसवूनही तोच एरर, तीच ओळ, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. फाइल डिस्कवर होती, परंतु उबुंटू जीडॅलच्या हेडर फाइली यूएसआर-इन्क्लूड या नेहमीच्या फोल्डरात थेट न ठेवता त्याच्या आतल्या ‘जीडॅल’ नावाच्या फोल्डरात ठेवते आणि मेकफाइलमध्ये (प्रोग्राम कसा बांधायचा हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) त्या फोल्डराचा उल्लेखच नव्हता. मग २०१८ पासून हे चालत होते कसे? मूळ लेखकाला फोन केल्यावर थोडा विचार करून त्याने सांगितले की, त्याने तो पत्ता स्वतःच्या लॉगिनच्या बॅशआरसी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल म्हणून लिहून ठेवला होता. ती फाइल डिस्कसोबत गेली. कोडमध्ये नसलेली, पण कोडइतकीच आवश्यक असलेली ती एक ओळ होती. आम्ही मेकफाइलमध्ये जीडॅलसोबत येणाऱ्या जीडॅल-कॉन्फिग या आज्ञेला विचारून पत्ता घेण्याची सोय केली आणि तो एरर गेला.

त्यानंतर तिसरा एरर आला, त्याच शब्दांत. या वेळी फाइलचे नाव होते प्रोज_एपीआय.एच.

एकच संदेश, तीन कारणे

या ठिकाणी आम्ही चुकलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. दोनदा तोच संदेश पाहून दोनदा उपाय सापडला होता, त्यामुळे तिसऱ्यांदाही फाइल कुठेतरी असणारच असे आम्ही गृहीत धरले. विद्यार्थ्याने पॅकेज काढून पुन्हा बसवले, वेगवेगळे फोल्डर मेकफाइलमध्ये लिहून पाहिले, आणि शेवटी इंटरनेटवरून प्रोज_एपीआय.एच ही एकटी फाइल उतरवून यूएसआर-इन्क्लूडमध्ये ठेवली. कंपाइलचा एरर खरोखर गेला. तो आनंदाने मला दाखवायला आला तोवर लिंकरने दुसरीच तक्रार सुरू केली होती, पीजे_इनिट_प्लस आणि पीजे_ट्रान्सफॉर्म या फंक्शनांचे ‘अनडिफाइंड रेफरन्स’.

कारण समजून घेतल्यावर ते अगदी सरळ होते. हेडर फाइल ही फक्त वचनचिठ्ठी असते. अमुक नावाचे फंक्शन लायब्ररीत आहे एवढेच ती कंपाइलरला सांगते. कंपाइलर त्या वचनावर विश्वास ठेवून पुढे जातो. प्रत्यक्ष फंक्शन शोधण्याचे काम लिंकरचे, आणि लायब्ररीत ते नसेल तर परक्या ठिकाणाहून आणलेली चिठ्ठी काही कामाची नसते. उलट तिने आमचा अर्धा दिवस घेतला, कारण आम्ही आता हेडरऐवजी लिंकरच्या पर्यायांमध्ये दोष शोधू लागलो.

जे आधी करायला हवे होते ते त्या दिवशी संध्याकाळी केले. पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजी या आज्ञेला पॅकेजमधल्या फाइलींची यादी विचारली. तिच्यात प्रोज.एच होती, जिओडेसिक.एच होती, प्रोज_एपीआय.एच नव्हती. पीकेजी-कॉन्फिगला प्रोजची आवृत्ती विचारली, ती ८.२.१ निघाली. उबुंटू १८.०४मध्ये ती ४.९.३ होती. मग इतिहास जुळला. २०१८मध्ये आलेल्या ५.० आवृत्तीने प्रोज.एच हा नवा इंटरफेस, म्हणजे लायब्ररीची फंक्शने वापरण्याची नवी पद्धत, पुढे आणला. २०१९च्या ६.० आवृत्तीत जुनी हेडर फाइल वापरायची तर एक लांबलचक मॅक्रो (कंपाइलरसाठीची एक खूण) मुद्दाम लिहावा लागे, म्हणजे आपण कालबाह्य गोष्ट वापरत आहोत हे कबूल करावे लागे. मार्च २०२१च्या ८.० आवृत्तीत ती फाइल आणि तिच्यातील फंक्शने काढून टाकण्यात आली. आमची फाइल हरवलेली नव्हती. ती लायब्ररीच्या कर्त्यांनी, दोन वर्षे आधी सूचना देऊन, काढली होती.

म्हणजे एकाच वाक्यामागे तीन वेगळ्या परिस्थिती होत्या. पहिल्यांदा पॅकेज बसवलेलेच नव्हते, दुसऱ्यांदा ते बसवलेले होते पण कंपाइलरला पत्ता ठाऊक नव्हता, आणि तिसऱ्यांदा ती फाइल या आवृत्तीत अस्तित्वातच नव्हती. तिन्हींचे उपाय एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे पुन्हा उबुंटू १८.०४ बसवणे. त्या आवृत्तीचा सर्वसाधारण पाठिंबा २०२३मध्ये संपला होता. नव्या संगणकाचे नेटवर्क कार्ड तिला ओळखताही येईना, आणि प्रिंटरचा प्रश्न होताच. हा पर्याय आम्ही तासाभरात सोडला. जुन्या उबुंटूचा कंटेनर, म्हणजे नव्या सिस्टीमच्या आत बंदिस्त चालणारी प्रत, करून प्रोग्राम त्यात चालवण्याचा विचारही झाला. तांत्रिकदृष्ट्या तो शक्य होता, परंतु माझ्या गैरहजेरीत कार्यालयातील कर्मचाऱ्यांना तो सांभाळता आला नसता आणि बंद झालेली आवृत्ती आत राहिली ती राहिलीच.

दुसरा पर्याय मला बराच काळ पटला होता. प्रोज ४.९.३चा सोर्स घेऊन तो वेगळ्या फोल्डरात कंपाइल करायचा आणि आपला प्रोग्राम त्याच्याशी जोडायचा. कोडला हात लावावा लागला नसता. पण आपला प्रोग्राम जीडॅलही वापरतो, आणि उबुंटू २२.०४मधील जीडॅल स्वतः प्रोज ८शी जोडलेले असते. म्हणजे एकाच चालू प्रोग्राममध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या, आणि त्यांतील काही अंतर्गत नावे सारखी. असा प्रोग्राम कधी नीट चालतो, कधी कोसळतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे कधी चुकीचे आकडे देत शांतपणे चालू राहतो. ज्या स्क्रीनवर पाहून माणसे समुद्रात जातात त्यामागे असे काही ठेवणे मला मान्य नव्हते. जीडॅलसुद्धा जुन्या प्रोजवर नव्याने बांधता आले असते, मात्र मग त्याला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या, आणि त्यांच्याही पुढच्या, अशी रांग लागली असती.

तिसरा पर्याय मधला होता, उबुंटू २०.०४. तिच्यात प्रोज ६.३.१ आहे, त्यामुळे तो मॅक्रो लिहिला की जुना कोड बदल न करता कंपाइल होतो, आणि जीडॅलही त्याच प्रोजवर बांधलेले असते, म्हणून दोन आवृत्त्यांची भानगड नाही. मात्र त्या आवृत्तीचा पाठिंबाही वर्षभराच्या आत संपणार होता, आणि प्रिंटरसाठी दुसरा संगणक ठेवावा लागला असता.

चौथा पर्याय म्हणजे कोड नव्या इंटरफेसवर नेणे. प्रोजची फंक्शने तीन फाइलींत मिळून अकरा ठिकाणी वापरलेली होती. काम दोन-तीन दिवसांचे वाटत होते. धोका वेळेचा नव्हता, अर्थाचा होता. नवा इंटरफेस जुन्या नावांचा फक्त नवा पोशाख नाही, त्यात आकड्यांचे संकेतच बदललेले आहेत.

आम्ही चौथा पर्याय घेतला आणि तिसरा राखून ठेवला. २५ जुलैपर्यंत नव्या कोडचे आकडे पडताळून झाले नाहीत, तर जुन्या लॅपटॉपवर २०.०४ बसवून हंगाम सुरू करायचा, असे सचिवांना लेखी कळवले. ही तारीख आधी ठरवल्याचा उपयोग असा झाला की, पुढे आलेल्या दोन्ही अडचणींमध्ये घाई करण्याचा मोह आवरता आला.

प्रत्यक्ष कार्यवाही

सुरुवात उतरवलेली हेडर फाइल पुसण्यापासून केली. ती तशीच राहिली असती तर जुन्या फंक्शनांचे उरलेले वापर कंपाइलरला दिसले नसते.

विद्यार्थ्याने अकराही ठिकाणे बदलली. त्याच वेळी त्याने निर्देशांक-पद्धतींचे वर्णन करणाऱ्या जुन्या ओळींऐवजी त्या पद्धतींचे ईपीएसजी हे मानक क्रमांक घातले, अक्षांश-रेखांशांसाठी ईपीएसजी ४३२६ आणि यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या पद्धतीतील आपल्या भागाच्या विभाग ४३साठी ईपीएसजी ३२६४३. कंपाइल करताना एकच तक्रार उरली. अंशांचे रेडियन करणारा डीईजी_टू_आरएडी हा स्थिरांक कुठेच व्याख्यात नव्हता, कारण तो जुन्या हेडर फाइलसोबत गेला होता. विद्यार्थ्याने त्याची व्याख्या स्वतः लिहिली. कंपाइल झाले, लिंक झाले, प्रोग्राम सुरूही झाला. नकाशावर एकही बिंदू दिसला नाही.

आकडे छापून पाहिल्यावर कळले. जुना इंटरफेस अक्षांश-रेखांश रेडियनमध्ये मागत असे, नवा अशा क्रमांकांसाठी अंशांमध्येच मागतो. ७३.३ अंशांचे रेडियन केले की १.२८ होतात आणि १७ अंशांचे ०.३०, नव्या लायब्ररीने ते अंश समजून आपली जेटी आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात नेऊन ठेवली होती. कंपाइलरने स्थिरांक नाही म्हणून सांगितले तेव्हा ती खरे तर फार मोलाची सूचना होती. तो नाहीसा का झाला, हे आम्ही त्या वेळी विचारले नाही.

रूपांतर काढून टाकले, तरी बिंदू दिसेना. आता अडचण क्रमाची होती. ईपीएसजी ४३२६च्या अधिकृत व्याख्येत आधी अक्षांश आणि मग रेखांश येतो. प्रोज ६ पासून लायब्ररी हा क्रम पाळते. आमचा कोड जुन्या सवयीने आधी रेखांश देत होता. ७३ अक्षांश आणि १७ रेखांश, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडचा थंड समुद्र. यावर प्रोजमध्येच ‘नॉर्मलाइझ फॉर व्हिज्युअलायझेशन’ नावाचे फंक्शन आहे. ते एकदा वापरले की क्रम सर्वत्र रेखांश-अक्षांश असा राहतो. आम्ही ते वापरले आणि कारण कोडमध्ये मराठीत लिहून ठेवले.

सुदैवाने या दोन्ही चुका इतक्या मोठ्या होत्या की बिंदू नकाशाबाहेर गेले. चूक पाच किलोमीटरची असती तर ती दिसलीच नसती, म्हणून पडताळणीसाठी पूर्ण एक दिवस ठेवला. प्रथम कागदावर हिशेब केला. १७ अंश उत्तर आणि ७३.३ अंश पूर्व या बिंदूचे विभाग ४३मधील पूर्वेचे मूल्य सुमारे ३ लाख १९ हजार मीटर आणि उत्तरेचे सुमारे १८ लाख ८० हजार मीटर यायला हवे, तसेच आले. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे ढोबळमानाने एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. दहा मिनिटांच्या अंतरावरचे दोन बिंदू देऊन साडेअठरा किलोमीटर येतात हे पाहिले. मग संस्थेतील एका जुन्या तांडेलांना बोलावले. त्यांच्या हातातील जीपीएसमध्ये दीपगृह, बंदराचे तोंड आणि जाळे अडकते अशा एका बुडीत खडकाच्या जागा वर्षानुवर्षे नोंदवलेल्या आहेत. ते आकडे प्रोग्रामला दिले. खडकाचा बिंदू बरोबर जागी पडल्यावरच त्यांनी मान डोलावली. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत विश्वासार्ह चाचणी हीच होती.

बसवताना आलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. विद्यार्थ्याने शेवटचा बदल घरच्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४मध्ये कंपाइल करून तयार फाइलच पेनड्राइव्हवर आणली. ती बंदरावर सुरू होईना, कारण तिला प्रोजच्या शेअर्ड लायब्ररीची २५ क्रमांकाची आवृत्ती हवी होती आणि तेथे २२ होती. प्रोग्रामला कोणत्या लायब्रऱ्या लागतात हे सांगणाऱ्या एलडीडी या आज्ञेने हे लगेच दाखवले. सोर्स आणून तेथेच कंपाइल केल्यावर प्रश्न मिटला. दुसरी अडचण जुन्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये होती. तिच्यात प्रोज_लिब हे व्हेरिएबल एका जुन्या फोल्डराकडे वळवलेले होते. प्रोज ६ पासून सर्व मानक क्रमांकांची माहिती प्रोज.डीबी या डेटाबेसमध्ये असते, आणि ती त्या फोल्डरात सापडत नसल्याने क्रमांक ओळखता येत नव्हते. ती ओळ काढताच काम सुरू झाले.

परिणाम

२४ जुलैला स्क्रीन चालू झाला, म्हणजे राखीव पर्यायाच्या एक दिवस आधी. हंगाम सुरू झाल्यावर पहिली सूचना आली त्या संध्याकाळी आम्ही तिच्यात छापलेले जेटीपासूनचे अंतर आणि स्क्रीनवर मोजलेले अंतर ताडून पाहिले, आणि ते जुळले. मेकफाइलची जागा आता सीमेक या प्रोग्राम बांधण्याच्या साधनाने घेतली आहे. त्यात जीडॅल आणि प्रोज दोन्ही आवश्यक म्हणून नोंदवलेल्या असल्याने त्या नसतील तर कोडची एक ओळही कंपाइल होण्याआधी नाव घेऊन तसे सांगितले जाते. सोर्ससोबत एक छोटी स्क्रिप्ट आहे, जी कोऱ्या उबुंटूवर सर्व पॅकेजे बसवते. तांडेलांचे तीन बिंदू चाचणी म्हणून कोडमध्येच ठेवले आहेत आणि प्रत्येक वेळी कंपाइल केल्यावर ते आपोआप तपासले जातात.

काय वेगळे करता आले असते

तिसरा एरर आल्याबरोबर पॅकेजमधील फाइलींची यादी आणि आवृत्ती पाहिली असती, तर दीड दिवस वाचला असता. दोन्ही आज्ञा मिळून एक मिनिटाचे काम आहे. विद्यार्थ्याचा येथे दोष मानू नये. एकटी हेडर फाइल उतरवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला आढळतो आणि तो कंपाइलचा एरर घालवतो, म्हणून खरा वाटतो. हेडर आणि लायब्ररी एकाच पॅकेजमधून यायला हवीत, हे मी त्याला पहिल्या दिवशी सांगायला हवे होते.

बदल करण्याचा क्रमही चुकला. इंटरफेस बदलणे आणि वर्णनाच्या ओळींऐवजी ईपीएसजी क्रमांक घालणे ही दोन कामे एकत्र केल्यामुळे, बिंदू नाहीसे झाल्यावर दोष कोणत्या बदलाचा हे कळेना. जुन्या वर्णनाच्या ओळी नव्या इंटरफेसलाही चालतात आणि त्यांत क्रम रेखांश-अक्षांश असाच राहतो. आधी त्या तशाच ठेवून रेडियनचा प्रश्न सोडवला असता आणि मग क्रमांक घातले असते, तर प्रत्येक चूक एकेकटी समोर आली असती.

चाचणीचे बिंदूही कोडला हात लावण्यापूर्वी गोळा करता आले असते. २०.०४चा लॅपटॉप राखीव म्हणून तयार होताच. जुना कोड त्यावर कंपाइल करून पन्नासेक बिंदूंची उत्तरे आधी काढून ठेवली असती, तर नव्या कोडची तुलना थेट त्यांच्याशी झाली असती. हे सुचले ते काम संपल्यावर, आणि तेव्हा आम्ही ते केलेही. फरक एका मीटरच्या आत निघाला.

मूळ लेखकाशी बोलणे मात्र आणखी आधी, संगणक चालू असताना व्हायला हवे होते. त्याच्या बॅशआरसीतील ओळ आणि स्टार्टअप स्क्रिप्टमधील व्हेरिएबल या दोन्ही गोष्टी त्याला विचारल्यावर आठवल्या. आपण होऊन त्याने त्या सांगितल्या नव्हत्या, कारण त्याच्या लेखी त्या प्रोग्रामचा भागच नव्हत्या. संस्थेचा बर्फ आणि डिझेलच्या नोंदींचा प्रोग्राम आजही दुसऱ्या एका जुन्या संगणकावर चालू आहे. तो कोऱ्या संगणकावर सुरुवातीपासून कंपाइल करून पाहण्याचे काम आम्ही पुढच्या बंदीच्या काळासाठी ठरवले असून, त्याच्या लेखकाला फोन आत्ताच केला आहे.